अमर अय्यारचा हिशेब

'अय्यार' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न घेऊन मी गेली चार वर्षे बसले आहे. 'हेर' म्हटले तर वेषांतर आणि टेहळणी येते, पण चोरी राहून जाते. 'ठग' म्हटले तर निष्ठा निघून जाते. 'बहुरूपी' हा आपल्याकडे दारोदार फिरून हसवणारा पोटार्थी माणूस. त्याच्या कमरेला खंजीर नसतो. 'धूर्त', 'चतुर', 'कारस्थानी' ही विशेषणे झाली, आणि अय्यारी हा तर धंदा आहे. त्याला गुरू असतो, शागिर्द असतात, नियम असतात. शेवटी मी शब्द तसाच ठेवला. शब्दाचा प्रश्न असा मिटला, पण माणसाचा मिटेना. त्या माणसाचे नाव अमर.

अमर हा 'दास्तान-ए-अमीर हमझा'मधला. ही दास्तान फारसीतून हिंदुस्थानात आली आणि इथे उर्दूत वाढली. इतकी वाढली की लखनौच्या नवल किशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे काही दशके तिचे ४६ जाडजूड खंड काढले. नायक हमझा. शूर, उदार, वचनाचा पक्का. अमर त्याच्याच दिवशी जन्मलेला, त्याचा बालमित्र आणि त्याचा अय्यार. अमरजवळ पैगंबरांनी दिलेल्या अद्भुत वस्तू आहेत आणि अमरजवळ न संपणारी हावही आहे. तो मित्रासाठी जीव धोक्यात घालतो आणि त्याच मित्राकडून त्याचे मोल वसूल करतो. कैद्यांना सोडवतो, आणि सोडवता सोडवता शत्रूच्या अंगावरचे दागिनेच नव्हे तर कपडेही उतरवून नेतो. त्याला देव करता येत नाही, राक्षस करता येत नाही, आणि 'थोडा चांगला, थोडा वाईट' असे म्हणून सुटताही येत नाही. असा माणूस कसा रचला गेला आणि पुढे त्याचे काय झाले, ते या लेखात सांगायचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती शेवटी सांगेन.

*

माझे आजोबा परभणीचे. निजामाच्या राज्यात त्यांचे शिक्षण उर्दूतून झाले, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाचे वाचन मात्र उर्दू. १९४८ नंतर कचेरीची भाषा बदलली, पाट्या बदलल्या, आणि आजोबांची उर्दू पुस्तके हळूहळू ट्रंकेत गेली. गोष्टी मात्र तोंडात राहिल्या. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली की ते आम्हा नातवंडांना 'उमरू'च्या गोष्टी सांगत. पंतोजींचे जोडे पळवणारा उमरू, म्हातारीचे सोंग घेऊन किल्ल्यात शिरणारा उमरू, अख्खा खजिना पिशवीत टाकून वर 'एवढेच?' म्हणणारा उमरू. हाच अमर, हे मला फार उशिरा कळले.

आमची सगळ्यांत आवडती गोष्ट त्याच्या जन्माची. इराणचा शहाणा वजीर बुझुर्जमेहर मक्केत येतो. तिथे जन्मणाऱ्या मुलांचे भविष्य त्याला पाहायचे असते. हमझा जन्मतो. उंट हाकणाऱ्या उमय्याच्या घरी उमरू जन्मतो. वजीर कौतुकाने बाळाला उचलून घेतो आणि थोड्या वेळाने पाहतो तर बोटातली अंगठी नाही! शोधाशोध होते. अंगठी सापडते बाळाच्या तोंडात.

"आजोबा, मग वजीर रागावला?"

"रागावतो कशाला गं? म्हणाला, हे पोर चोरांचा राजा होणार."

आम्ही हसून लोळायचो.

पस्तिशीत मी ही गोष्ट उर्दूतून वाचली. अब्दुल्ला बिलग्रामींनी सुधारून काढलेली १८७१ ची आवृत्ती हीच पुढे घरोघरी पोचली, तिच्यात. अंगठीच्या आधी तिथे आणखी एक प्रसंग होता. मूल जन्मले की मोहरा मिळणार, हे कळताच उमय्या घरी येतो. बायकोचे दिवस भरलेले नाहीत. तो तिला म्हणतो, आत्ताच बाळंत हो. ती कशी होणार? तो तिला लाथ मारतो. मूल जन्मते आणि ती मरते. उमय्या मूल उचलतो आणि बक्षीस घ्यायला जातो. मग ती अंगठी.

आजोबांनी आम्हाला हा भाग कधी सांगितला नव्हता. आठ-दहा वर्षांच्या पोरांना कोण सांगेल? त्यांच्या गोष्टीत त्या बाईला नाव नव्हते, कारण ती बाईच नव्हती. पण ती लाथ काढली की अंगठी हा नुसता विनोद उरतो. ती ठेवली तर लक्षात येते की हे मूल जगात आले तेच बक्षिसाच्या हिशेबाने, आणि आल्या आल्या त्याने दुसऱ्याच्या बोटातला दागिना उचलला. पुढे आयुष्यभर तो पैशापैशाला चिकटतो, त्याचे मूळ इथे असावे. दास्तान असे कुठेही म्हणत नाही. ती लाथ सांगते, अंगठी सांगते आणि पुढे जाते. दोन्हीचा संबंध लावायचे काम तिने ऐकणाऱ्यावर टाकले आहे.

*

नावापासून सुरुवात करू. उर्दूत हे नाव ऐन, मीम, रे आणि वाव अशा चार अक्षरांनी लिहितात. शेवटचा वाव उच्चारायचा नसतो, तो नुसता लिपीतला रिवाज. अरबी उच्चार 'अम्र'. आपल्याकडच्या जिभांवर तो 'अमर' झाला, कुठे तो वाव उच्चारून 'उमरो', कुठे 'उमरू'. देवनागरीत 'अमर' लिहिले की मराठी-हिंदी वाचकाला संस्कृतातला 'न मरणारा' दिसतो. दोन शब्दांचा काडीचा संबंध नाही. पण योगायोग असा की या अमरला वरदानच आहे: तो स्वतःच्या तोंडाने तीन वेळा मरण मागेल तेव्हाच त्याला मरण येईल. अनुवादकाच्या वाट्याला अशी फुकटची देणगी क्वचित येते.

नावाचा मूळ धनी मात्र खरा माणूस होता. अम्र बिन उमय्या अल्-दमरी हे पैगंबरांचे एक सहकारी. आधी ते विरुद्ध बाजूने लढले होते, नंतर इस्लाममध्ये आले, आणि हबशांच्या राजाकडे दूत म्हणूनही गेले. पैगंबरांच्या जुन्या चरित्रांत त्यांच्याविषयी एक हकीकत येते. इ.स. ६२५ मध्ये बीर मऊना इथे त्यांचे सोबती दगाफटक्याने मारले गेले. परतताना अम्र यांना त्याच कबिल्याचे दोन जण वाटेत भेटले. ते झोपल्यावर अम्र यांनी सोबत्यांचा सूड म्हणून त्यांना मारले. त्या दोघांना अभय दिलेले होते, हे अम्र यांना ठाऊक नव्हते. कळल्यावर पैगंबरांनी सांगितले की या दोघांची भरपाई द्यावी लागेल. रक्ताचे मोल ठरले आणि ते गोळा करण्याची खटपट सुरू झाली.

माझ्या दृष्टीने हा पहिला हिशेब. इथे हत्या आहे, हेतू आहे, अज्ञान आहे आणि भरपाई आहे. हिशेब समाजापुढे मांडला जातो आणि समाजातच चुकता केला जातो.

अय्यारही खरे होते. नवव्या-दहाव्या शतकांत बगदादपासून सीस्तानपर्यंत अय्यारांच्या टोळ्या होत्या. कोणी त्यांना दरोडेखोर म्हणत, कोणी गरिबांचे रखवालदार. आणि बऱ्याचदा दोन्ही खरे असे. त्यांच्यात दिलेल्या शब्दाला, खाल्लेल्या मिठाला मोल होते. सीस्तानचा याकूब बिन लैस हा तांबट अशाच टोळीतून वर आला आणि त्याने सफ्फारी राजघराणे स्थापन केले. बाराव्या शतकाच्या सुमारास फारसीत 'समक-ए-अय्यार' ही लांबलचक कथा लिहिली गेली, तीत अय्यार हाच नायक आहे. म्हणजे हमझाच्या कथेत अय्यार आला तेव्हा ऐकणाऱ्यांना तो माणूस ओळखीचा होता. अशा माणसाला घरात घ्यावे की दाराबाहेर ठेवावे, हे त्यांचे आधीच ठरलेले नव्हते. दास्तानने ती जुनी द्विधा उचलली आणि तिला अद्भुत शक्ती जोडल्या.

*

अकबराला ही कथा इतकी आवडे की १५६२ च्या सुमारास त्याने तिची चित्रे काढायला घेतली. कापडावर, मोठ्या आकारात, मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे १४०० चित्रे पंधरा वर्षांत झाली. आज त्यांतली दोनशेही उरलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात श्रीनगरमध्ये त्यांतली काही थंडी अडवायला खिडक्यांना लावलेली सापडली. उरलेल्या चित्रांपैकी एकात अमर मझमहिल नावाच्या शल्यवैद्याचे सोंग घेऊन जादूगारांवर 'उपचार' करतो आहे. जादूगारांचे हाल पाहून हसू येते. जरा वेळ पाहत राहिले की मात्र आपण कशाला हसलो, असे वाटू लागते.

अमरची सामग्री आता पाहू. सरनदीपमध्ये, म्हणजे लंकेत, त्याला पैगंबरांकडून देणग्या मिळतात. 'गलीम' ही घोंगडी पांघरली की तो दिसेनासा होतो. जाळे टाकले की कितीही मोठी वस्तू त्यात उचलली जाते. 'झंबील' ही पिशवी, तिच्यात शहरेच्या शहरे मावतात. वाऱ्यासारखे धावणारे पाय, मोहिनी घालणारा गळा. एवढे सगळे जवळ असलेल्या माणसाची गोष्ट खरे तर दोन रात्रींत संपायला हवी. घोंगडी पांघरावी, शत्रूचा गळा कापावा, घरी यावे.

ती संपत नाही, कारण दास्तानगो त्याला बहुतेक वेळा या वस्तूंशिवायच वावरायला लावतात. तो रंग फासतो, दासीचे, फकिराचे, नर्तकीचे सोंग घेतो, मिठाईत गुंगीची पूड मिसळतो आणि पकडलाही जातो. दैवी वस्तू जवळ असूनही तो राबून खातो. आणि जी वस्तू अथांग आहे, ती झंबील, तीच त्याच्या हावरटपणाची जागा होते. कितीही टाकले तरी भरत नाही अशी पिशवी देऊन दास्तानगोंनी त्याला समाधान मिळण्याची सोयच ठेवली नाही. शक्ती आणि दोष इथे दोन वेगळ्या कप्प्यांत नाहीत. एकाच पिशवीत आहेत.

दुसरी युक्ती हमझाची. हमझाला नियम आहेत. तो आधी वार करत नाही, पळणाऱ्याचा पाठलाग करत नाही, जादूला हात लावत नाही. असा माणूस जादूगारांच्या राज्याशी लढणार कसा? त्याने न करण्याची सगळी कामे कुणीतरी करावी लागतात. ती अमर करतो. हमझा स्वच्छ राहतो तो अमर मळतो म्हणून. अमरचे पाप हे अशा रीतीने हमझाच्या पुण्याचे भांडवल आहे, आणि अमर त्याची किंमत मागतो तेव्हा आपण त्याला हावरट म्हणतो. मला वाटते, नैतिकदृष्ट्या गुंतागुंतीचे पात्र नुसत्या गुणदोषांच्या मिश्रणातून होत नाही. कुणाचे तरी घाण काम त्याच्या वाट्याला यावे लागते, आणि त्या कामाचा फायदा कुणाला झाला हे ऐकणाऱ्याला दिसावे लागते.

'तिलिस्म-ए-होशरुबा' हा या महाकाय कथेतला सर्वांत गाजलेला भाग. तिथे जादूगारांचा सम्राट अफ्रासियाब आहे, आणि त्याचे राज्य जिंकायला निघालेला हमझाचा नातू असद. असद लवकरच अडकतो आणि लढाईचा भार अमर आणि त्याच्या शागिर्दांवर येतो. इथे एक गोष्ट वारंवार घडते. जादूगार बेशुद्ध केला की अय्यार त्याच्या जिभेत सुई टोचतो. मंत्र जिभेने म्हणायचा असतो. जीभ अडकली की जादू संपली. मग त्याला शुद्धीवर आणून विचारायचे: आमच्या बाजूला येतोस की मरतोस? जो येतो त्याची सुई निघते. जो येत नाही त्याचे डोके उडते.

आणि जादूगार मेला की दर वेळी एकच गोष्ट होते. काळोख होतो, वादळ सुटते, गारा पडतात, किंकाळ्या उठतात, आणि त्या गदारोळात एक आवाज मेलेल्याचे नाव पुकारतो. होशरुबाच्या सात खंडांच्या सुमारे ८००० पानांत हे कितीदा येते याची गणती नाही. सुरुवातीला मला हा नुसता साचा वाटला. तोंडी सांगणाऱ्यांना असे साचे लागतातच. अनुवाद करताना, पंधराव्या-विसाव्या वेळी ते वाक्य लिहिताना, हात थांबला. ज्याची जीभ टोचली होती त्याचे नाव मेल्यावर आकाश सांगते आहे. अमरला त्याचे काही नाही. तो कपडे गोळा करत असतो. पण ते नाव आपल्या कानावर पडलेले असते.

हा दुसरा हिशेब. इथे रक्ताचे मोल कुणी भरत नाही. अमरला पश्चात्ताप होत नाही, दास्तान त्याला शिक्षा करत नाही. हिशेब मांडून ऐकणाऱ्याच्या हाती दिला जातो आणि तिथेच ठेवला जातो.

*

हा अमर नेमका कोणी लिहिला? याचे उत्तर अनुवादकाला अवघडल्यासारखे करणारे आहे. होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, ते बाजूला झाल्यावर पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. १८८३ ते १८९३ हा काळ. दोघेही मुळात सांगणारे, दास्तानगो. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैझीच्या फारसी ग्रंथावरून उर्दूत आणली आहे, असा त्या काळी बोलबाला होता. अभ्यासकांना असे कोणतेही फारसी मूळ सापडलेले नाही. होशरुबा ही इथली, लखनौच्या सांगणाऱ्यांची निर्मिती आहे. तिची आखणी मीर अहमद अली या आधीच्या दास्तानगोची मानली जाते. म्हणजे नवी निर्मिती करणाऱ्यांनी आपण फक्त भाषांतर करतो आहोत असे सोंग घेतले. अय्यारांची गोष्ट सांगणारेही वेषांतर करूनच आले.

असे का? १८५७ नंतर लखनौचे आश्रयदाते गेले होते. ऐकणारे दरबारात नव्हते, बाजारात होते, आणि छापखाना पानांवर चालत होता. अशा वेळी 'मी रचले' म्हणण्यापेक्षा 'जुने आहे' म्हणणे सुरक्षित असते. शिवाय पिढ्यान् पिढ्यांच्या तोंडून आलेल्या पात्राला एक मालक नसतो. प्रत्येक सांगणाऱ्याने एखादी भर घातली आणि आधीच्याने टाकलेले सहसा काढले नाही. अमर परस्परविरोधी आहे त्याचे हेही एक साधे कारण आहे. एका लेखकाने त्याला सुसंगत केला असता.

याच काळात वारे फिरले होते. शिकलेल्या वर्गाला दास्तान पोरकट आणि घातक वाटू लागली. नझीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' या १८७४ च्या कादंबरीत बाप मुलाची पुस्तके जाळतो. साहित्याने सुधारावे, वाईटाला शिक्षा व्हावी, अशी अपेक्षा रुजली. आपल्याकडेही 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांच्या अद्भुताला पुढच्या पिढीने नाके मुरडलीच. तरी लोक वाचत होते. प्रेमचंदांनी लिहून ठेवले आहे की गोरखपूरला शाळेत असताना त्यांनी एका पुस्तकवाल्याच्या दुकानात बसून होशरुबाचे खंड वाचले.

*

अय्यार मेला नाही. त्याने लिपी बदलली. बनारसचे देवकीनंदन खत्री जंगलांची ठेकेदारी करत. चकिया-नौगढच्या रानातले पडके किल्ले त्यांनी पाहिलेले. १८८८ च्या सुमारास त्यांची 'चंद्रकांता' येऊ लागली, आणि ती वाचता यावी म्हणून लोक देवनागरी शिकले असे सांगतात. दूरदर्शनवरच्या १९९४ च्या मालिकेमुळे आमच्या पिढीला क्रूरसिंह ठाऊक आहे. पण खत्रींचा खरा बदल मालिकेत दिसत नाही. मालिकेने जादू भरपूर ओतली. खत्रींनी ती काढून टाकली होती.

त्यांच्या ऐयारांजवळ (हिंदीत ते असे लिहितात) पैगंबरांची देणगी काही नाही. झंबील आटून कमरेचा बटवा झाली. त्यात गुंगीची औषधे, शुद्धीवर आणणारा लखलखा, रंग, आरसा. तिलिस्म म्हणजे जादूचे राज्य राहिले नाही. ते कळा, चाके आणि गुप्त दारे असलेले तळघर झाले. ऐयाराला ठार मारायचे नाही, कैद करायचे, असा शिष्टाचारही आला. विज्ञानावर विश्वास ठेवू पाहणाऱ्या काळाला हे पटले.

आणि जादू गेली त्याच घरात एक नवी गोष्ट शिरली. 'चंद्रकांता संतति'मध्ये भूतनाथ नावाचा ऐयार आहे. खरे नाव गदाधरसिंह. हुशारीत त्याला तोड नाही. त्याच्या भूतकाळात दयारामच्या खुनाचा डाग आहे, आणि तो उघडा पडू नये म्हणून त्याने पुढे आणखी दगे केले आहेत. कुणी जुनी कागदपत्रे बाहेर काढली, कुणी एक विशिष्ट पितळेची पेटी समोर ठेवली, की हा निधड्या छातीचा माणूस कापू लागतो. त्याला चांगले व्हायचे आहे. तो चांगली कामे करतो ती जुनी वाईट कामे झाकली जावीत म्हणून, आणि ती झाकताना पुन्हा वाईट करतो. शेवटी त्याला क्षमा मिळते आणि स्वतःची जीवनकथा लिहून देण्याचे त्याच्यावर येते. खत्रींनी 'भूतनाथ' ही स्वतंत्र कादंबरी सुरू केली. १९१३ मध्ये ते गेले तेव्हा ती अपुरी होती. मुलगा दुर्गाप्रसाद यांनी ती पूर्ण केली.

हा तिसरा हिशेब. तो आता पात्राच्या मनात आला. भूतनाथ स्वतःच आरोपी, स्वतःच साक्षीदार. आजचा वाचक यालाच 'गुंतागुंतीचे पात्र' म्हणतो, कारण आपल्याला कादंबरीने तसे शिकवले आहे: पात्र आतून झुरले की ते खोल. त्या मापाने अमर उथळ ठरतो. तो झुरत नाही.

पण मला हे माप अपुरे वाटते. भूतनाथच्या बाबतीत निवाडा करायला मला फारसे काही उरत नाही. तो स्वतःच करतो आहे, शेवटी राजा करतो, मी पुस्तक मिटते आणि मोकळी होते. अमर मला मोकळे करत नाही. तो हसवतो, आणि हसून झाल्यावर हसण्याची जबाबदारी माझ्याकडे ठेवून निघून जातो. त्याच्या शक्ती अतिमानवी आहेत म्हणून त्याला कोणी अडवू शकत नाही. म्हणूनच त्याला तोलायचे काम ऐकणाऱ्याकडे येते. भूतनाथची गाठ आतल्या आत आहे. अमरची गाठ त्याच्यात आणि माझ्यात आहे.

*

आता माझी चूक. सहा वर्षांपूर्वी एका प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी हमझाच्या निवडक गोष्टी मराठीत मागितल्या. मी आनंदाने होकार दिला. आजोबा तेव्हा हयात होते. मसुदा गेल्यावर निरोप आला: आईचा प्रसंग नको, सुई नको, आणि अमर मित्राकडून पैसे घेतो तेही जरा कमी करता येईल का? मुलांना चुकीचा आदर्श नको.

मी भांडू शकले असते. भांडले नाही. कारण मला स्वतःलाच ते थोडे पटले होते; आजोबांनीही गाळलेच होते की. मी लाथ काढली, सुई काढली. पैशांच्या जागी विनोद ठेवले. पुस्तक देखणे झाले. त्यातला अमर चपळ, खोडकर, दिलदार होता. त्याच्या झंबीलीत आता काहीही ठेवता आले असते, कारण ती रिकामी होती.

पुस्तक घेऊन मी परभणीला गेले. आजोबांची नजर अधू झाली होती, म्हणून मीच जन्माची गोष्ट वाचून दाखवली. अंगठीपाशी ते हसले. मग म्हणाले,

"त्याची आई कुठे गेली?"

"तुम्हीच तर आम्हाला कधी सांगितली नाही, आजोबा."

"तुम्ही लहान होता. मला वाटलं, मोठी झाल्यावर वाचशील आणि तुला कळेल." थोडे थांबून ते म्हणाले, "आता तुझं वाचून जे पोर मोठं होईल, ते कुठे वाचणार?"

हे मला सुचले नव्हते. आजोबांनी गाळले तेव्हा मूळ ग्रंथ ट्रंकेत होता, आणि ती भाषा निदान एका पिढीच्या तोंडी जिवंत होती. त्यांचे गाळणे तात्पुरते होते. माझे छापले गेले, ज्या भाषेत मूळ वाचता येणार नाही त्या भाषेत. सांगणाऱ्याच्या गाळण्यात आणि अनुवादकाच्या गाळण्यात हा फरक आहे.

गेली चार वर्षे मी होशरुबाच्या पहिल्या खंडातले भाग मोठ्यांसाठी मराठीत आणते आहे, आणि प्रस्तावनेच्या जागी अमरच्या जन्माची गोष्ट पूर्ण देते आहे. आजोबा ते पाहायला नाहीत. अनुवाद संथ चालतो. सुई येते तिथे 'जिभेत सुई टोचली' असेच लिहिते, 'जायबंदी केले' असे नाही. जादूगार मेला की दर वेळी काळोख, गारा आणि नाव, तिन्ही लिहिते. कंटाळा आला तरी 'वगैरे' म्हणत नाही. आणि उमय्याच्या घरातला तो प्रसंग मी मूळच्याच घाईने ठेवला आहे, एकही हळवा शब्द न घालता. लाथ, मूल, मरण, मोहरा. मग वजीर बाळाला उचलून घेतो, आणि त्याच्या बोटातली अंगठी नाहीशी होते.